सही करण्यापूर्वी : कोर्टकचेरीतील शब्दांचे घरगुती अर्थ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात बोलण्यासाठी मंडळाने आम्हास जो विषय नेमून दिला आहे, तो ऐकावयास काहीसा रुक्ष आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि मुलांचे गाणे यांच्यामध्ये कायद्याच्या शब्दांना बसविणे म्हणजे पंगतीत श्रीखंडानंतर काढा वाढण्यासारखेच. तथापि ज्या कार्यकर्त्यांनी हा विषय सुचविला, त्यांची दृष्टी अचूक आहे असे आम्हास वाटते. आपल्या ज्ञातीतील कुटुंबे शिकली, नोकरीव्यवसायाला लागली, परगावी आणि परदेशीही गेली. परंतु घरातील वडील माणूस निवर्तल्यावर, बाराव्या-तेराव्याच्या आतच, कोणी एक कागद पुढे करतो आणि शिकलेली माणसेदेखील न वाचता त्याखाली सही करतात. पुढे दहा वर्षे भाऊ भावाशी बोलत नाही, बहीण माहेरी येत नाही. त्या अबोल्याच्या मुळाशी पुष्कळदा दुष्टावा नसतो. न समजलेला एक शब्द असतो.

हे शब्द आपणांस परके का वाटतात, हे प्रथम पाहू. वकील, दावा, हक्क, वारस, जप्ती, मुदत, कैफियत, फिर्याद हे सारे शब्द फारसी-अरबीतून राजदरबारामार्गे मराठीत आले. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घेतला, तो दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावे म्हणूनच. त्यानंतर इंग्रजी अमलात इंग्रजी शब्दांचा तिसरा थर बसला. त्यामुळे आजच्या एकाच दस्तात 'सदरहू', 'यावच्चंद्रदिवाकरौ' आणि 'इंडेक्स' असे तीन काळांतले शब्द शेजारी नांदतात. दस्ताला भिण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक शब्दाच्या आत एक साधी गोष्ट आहे. ती कुटुंबाला ज्या क्रमाने भेटते, त्याच क्रमाने आम्ही येथे सांगतो.

पहिला शब्द 'वारस'. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीची वाटणी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे होते. त्यातील पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई ही सारी येतात, आणि ती समान हिश्शाने येतात. एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाने स्वतःच्या पगारातून घर बांधले. त्याच्या मागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. त्या घराचे पाच समान भाग होतील. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा भाग कमी होत नाही, थोरल्याने बापाची सेवा केली म्हणून त्याचा वाढत नाही, आणि आईला मुलाच्या घरात वाटा कसला, असे म्हणणाऱ्याला कायदा ऐकून घेत नाही.

येथेच 'वडिलोपार्जित' आणि 'स्वकष्टार्जित' हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. वडिलांकडून जे आले ते सारे वडिलोपार्जित, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे बरोबर नाही. 1956 च्या अधिनियमानंतर वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत जेव्हा मुलाला वारस म्हणून मिळते, तेव्हा ती त्याची स्वतंत्र मिळकत समजावयाची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली दिला. याउलट, खऱ्या अर्थाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलामुलींना जन्मतःच हक्क असतो. मुलींना तो हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, परंतु आधीच विवाह झालेल्या मुलींना वगळून. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून तो साऱ्या देशातील मुलींना, विवाहित-अविवाहित असा भेद न करता मिळाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत काय, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी तो मिटविला : मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत पत्राने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जी वाटणी पुरी झाली, ती या कायद्याने मोडत नाही.

आता 'हक्कसोडपत्र'. भगिनींनो, हा शब्द आपण विशेष लक्ष देऊन ऐकावा. आपल्या घरांत असा कागद 'वारस नोंदीसाठी एक सही हवी' एवढेच सांगून पुढे ठेवला जातो. परंतु वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळी. वारस नोंदीच्या अर्जावर सही करणे म्हणजे 'मीही वारस आहे' असे सांगणे. हक्कसोडपत्रावर सही करणे म्हणजे 'माझा वाटा मी सोडला' असे लिहून देणे. एका सहीने नाव चढते, दुसरीने उतरते. स्थावर मिळकतीतील हक्क सोडावयाचा तर ते पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. म्हणून 'सही करायला रजिस्ट्रार कचेरीत चल' असे कोणी म्हणाले, की हे नुसते नाव लावणे नव्हे हे ओळखावे. बहिणीने प्रेमाने, समजून उमजून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे, आणि त्यास आमचा मुळीच विरोध नाही. पण जे समजलेच नाही ते सोडले, असे कसे म्हणावे? भावांनीही हे ध्यानात ठेवावे की, फसवून घेतलेली सही न्यायालयात आव्हानास पात्र ठरते. आणि ती तशी ठरली नाही, तरी भाऊबीजेचे ताट कायमचे रिकामे राहते.

तिसरी जोडी 'सातबारा' आणि 'फेरफार' यांची. गाव नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. मालकीत काही बदल झाला की त्याची नोंद ज्या वहीत होते ती फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना सहा. वारसाने मिळकत आली असता तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्याला, ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो त्यांना, ती वर्दी द्यावयाची असते. नोंदीची नोटीस हितसंबंधितांना निघते व हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. ही नोटीस परगावी राहणारे आपले बांधव पाहतच नाहीत, किंवा पाहून पेटीत टाकतात. हरकत त्या पंधरा दिवसांत घ्यावी, हे उत्तम. तथापि मुदत टळली म्हणून हक्क बुडाला असे समजू नये. महसुली नोंद कायद्याने खरी गृहीत धरली जाते, ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. सातबारावर नाव असणे हा मालकीचा पुरावा होऊ शकतो. परंतु नुसत्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि नाव कमी झाल्याने ती मरत नाही. शहरात सातबाराची जागा 'मिळकत पत्रिका' घेते, न्याय तोच.

चौथा शब्द 'नामनिर्देशन', ज्याला आपण सारे 'नॉमिनी लावणे' म्हणतो. याइतका गैरसमज दुसऱ्या कोणत्याच शब्दाविषयी नसेल. नॉमिनी म्हणजे मालक, असे घरोघरी समजले जाते. वस्तुतः नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे. बँकेने वा संस्थेने रक्कम कोणाच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, एवढेच त्या नावाने ठरते. त्या हातातून ती रक्कम खऱ्या वारसांकडे जावयाची असते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 साली सांगितले, आणि कंपन्यांच्या भागांबाबत 2023 च्या डिसेंबरात पुन्हा सांगितले. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने एक अपवाद आला आहे : विमेदाराने आपले आईवडील, पती वा पत्नी, किंवा मुले यांस नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम सामान्यतः त्यांच्याच मालकीची होते. म्हणून ज्याला जे द्यावयाचे ते नॉमिनीच्या रकान्यात नव्हे, मृत्युपत्रात लिहावे.

'मृत्युपत्र' हा शब्द उच्चारताच घरात अशुभ पसरते, असा आपला समज. म्हणून पुष्कळ जण त्याला 'इच्छापत्र' म्हणतात, तेही चालेल. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणाही माणसाला ते करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. जे सक्तीचे आहे ते इतकेच : करणाऱ्याची सही, आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या, करणाऱ्याच्या समक्ष केलेल्या सह्या. ज्याला मिळकत मिळावयाची त्यालाच साक्षीदार करू नये. संशयाला जागा राहते. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेच खरे. म्हणून त्यावर तारीख स्पष्ट असावी. आणखी एक गोष्ट : मृत्युपत्राने माणूस आपलाच वाटा देऊ शकतो, भावाचा किंवा पत्नीचा नव्हे.

त्याच्याच पाठोपाठ तीन दाखले येतात. 'प्रोबेट' म्हणजे, हे मृत्युपत्र खरे आहे, अशी न्यायालयाची मोहोर. ते केव्हा सक्तीचे, याविषयीचे नियम बदलत आले आहेत. म्हणून त्या त्या वेळी वकिलांना विचारून घ्यावे. 'उत्तराधिकार प्रमाणपत्र' हे मृताचे येणे, ठेवी, रोखे वसूल करण्यासाठी. आणि 'वारस प्रमाणपत्र' हे, कोण वारस आहेत एवढे सांगणारे. ते आजही आपल्याकडे 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देते. एका कामासाठी दुसरा दाखला काढून वर्ष फुकट घालविणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. ज्या कचेरीत काम आहे, तिच्याकडून कोणता दाखला हवा ते आधी लेखी घ्यावे.

आता खरेदी-विक्रीकडे वळू. 'साठेखत' आणि 'खरेदीखत' यांत साखरपुडा आणि लग्न यांइतके अंतर आहे. साठेखत हा पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी जात नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. 'कुलमुखत्यारपत्र' तर याहूनही वेगळे : माझ्या वतीने अमुक काम करावयास मी तुम्हास नेमले, एवढाच त्याचा अर्थ. ते घेऊन जमीन 'विकत घेतली' असे समजणाऱ्यांस सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले की, अशा पत्राने स्थावराची मालकी मिळत नाही. देणारा वारला की सामान्यतः ते पत्रही संपते. परदेशी असलेल्या मुलांनी गावच्या मंडळींस असे पत्र देताना 'सर्व अधिकार' असे मोघम न लिहिता, कोणते काम, कोणती मिळकत आणि किती काळ, हे तिन्ही लिहावे.

खरेदीखतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' असे एक सुंदर वाक्य येते. त्याचा अर्थ, पाण्यापासून पुरलेल्या ठेव्यापर्यंत जमिनीबरोबरचे सारे गेले. विहिरीतील पाण्याचा हिस्सा किंवा बांधावरची आंब्याची झाडे राखून ठेवावयाची असतील, तर तसे स्वतंत्र लिहिल्याशिवाय ती राहत नाहीत. आणि याहून जपण्याचे शब्द म्हणजे 'भरून पावलो'. या दोन शब्दांचा अर्थ, सगळी रक्कम माझ्या हाती आली. 'चेक उद्या देतो, आज सही करा' असे म्हणणाऱ्यापुढे हे शब्द असलेल्या दस्तावर सही करणे म्हणजे न मिळालेल्या पैशांची पावती देणे होय. नंतर नाही म्हणणे फार जड जाते.

'मुदत खरेदी' हाही असाच एक फसवा शब्द. अडल्या माणसाने जमीन ठेवून पैसे घ्यावे, आणि पैसे फेडल्यावर ती परत मिळावी, असे बोलणे होते. कागद मात्र खरेदीचा होतो. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच कायदा त्याला गहाण मानण्याचा विचार करतो. ती अट वेगळ्या चिठ्ठीवर किंवा नुसती तोंडी असेल, तर गहाणाचा आसरा मिळत नाही. ज्यांनी अशी चिठ्ठी विश्वासाने जपली आहे, त्यांनी ती आजच जाणत्या वकिलाला दाखवावी.

एवढे करूनही प्रकरण कोर्टात गेलेच, तर तेथील शब्द थोडक्यात सांगतो. मिळकत, पैसा, करार यांचा तंटा तो 'दिवाणी'. गुन्ह्याचा तो 'फौजदारी'. दिवाणीत दावा लावणारा 'वादी', ज्याच्यावर लावला तो 'प्रतिवादी'. प्रतिवादी होणे म्हणजे गुन्हेगार होणे नव्हे; तेव्हा समन्स आले म्हणून तोंड लपविण्याचे कारण नाही. 'समन्स' हे बोलावणे आहे, 'वॉरंट' हा पकडण्याचा वा झडतीचा हुकूम आहे. समन्स घेण्यास नकार दिल्याने ते टळत नाही; ते बजावले गेले असे न्यायालय धरते. प्रतिवादीचे लेखी उत्तर ती 'कैफियत'. तिला तीस दिवसांची मुदत असते, आणि कारण दाखविल्यास ती नव्वद दिवसांपर्यंत वाढू शकते. ती न दिल्यास दावा 'एकतर्फा' चालतो. निर्णयाचा अंमल ज्यात लिहिला जातो तो 'हुकूमनामा', आणि तो बजावून घेण्यासाठी जी मागणी करावयाची ती 'दरखास्त'. फौजदारी कायद्यांची नावे 1 जुलै 2024 पासून बदलली असून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. म्हणून जुन्या कलमांचे आकडे पाठ असलेल्यांनी ते नव्याने तपासावे.

'मुदत' या शब्दावाचून हे पाठांतर अपुरे राहील. कायदा जागणाऱ्याचा आहे. पुष्कळशा दाव्यांना तीन वर्षांची, तर मालकीच्या नात्याने स्थावराचा ताबा मागण्यास बारा वर्षांची मुदत 1963 च्या अधिनियमाने घातली आहे. 'बघू पुढच्या दिवाळीला' असे म्हणता म्हणता बारा दिवाळ्या जातात, आणि परका माणूस आपल्याच जमिनीवर मालकी सांगू लागतो.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द. घरातील तंटे मंडळाकडे येतात. यावेत, आणि वडीलधाऱ्यांनी समेटाचा प्रयत्नही अवश्य करावा. परंतु आपण मध्यस्थ आहोत, न्यायाधीश नव्हे. आपल्या बैठकीतील निर्णय हा हुकूमनामा होत नाही, आणि तो न मानणाऱ्यास वाळीत टाकणे हा तर महाराष्ट्राच्या 2016 च्या अधिनियमाने गुन्हा ठरविला आहे. तो अधिनियम 2017 च्या जुलैपासून अमलात आहे. समेट झालाच तर तो लोकअदालतीत नोंदवावा. तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते, आणि चालू दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी 1987 च्या अधिनियमाने विधी सेवा प्राधिकरणे स्थापिली आहेत. स्त्रियांना व मुलांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळते. त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक भगिनीने आजच लिहून घ्यावा.

आमची मंडळाला एक नम्र सूचना आहे. वधूवर सूचक समिती आणि शिष्यवृत्ती समिती आपल्याकडे आहेतच. त्यांच्या जोडीला महिन्यातून एक रविवार 'कागद वाचन' ठेवावे. ज्ञातीतील निवृत्त शिक्षक, कारकून, वकील यांनी दोन तास बसावे. ज्याला कोणी सही मागितली आहे त्याने कागद घेऊन यावे, तो मोठ्याने वाचला जावा, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला सांगावा. सल्ला नव्हे, केवळ अर्थ. सही करावयाची की नाही, हे तो आपल्या घरी बसून ठरवील. यास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी मिळकत उभी केली ती कष्टाने. ती वाटली जावी ती समजुतीने आणि सर्वांच्या देखत.